व्हायोलाचं अर्धं पान

सुरांच्या कागदावर मी पाच रेघा ओढायच्या आणि बायकोने त्यांवर ठिपके घालायचे — आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. डिचोलीला बाजारामागच्या आमच्या खोलीत, दुपारी जेवण झाल्यावर.

"अहो, रेघ वाकडी गेली. ट्रक चालवताय काय?"

"तुझे ठिपके बघ, उवा पडल्यासारखे!"

ती हसली. संध्याकाळी छातीत कळ आली आणि ती गेली.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. चौथी शिकलेला खाणीवरचा ड्रायव्हर मी. पण हे माझ्या हातातल्या कागदावर घडलं, म्हणून लिहितो...

ते पान म्हापशाच्या ऑर्केस्ट्राचं. ऑर्केस्ट्रा पोर्तुगीज अमदानीतला, चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकलेल्यांनी उभा केलेला. वाजवणाऱ्यांचे गुरुजी, म्हणजे मेस्त, त्यांना चेक लोकांच्या संगीताचं वेड. "तातूंत शेतकऱ्यांचे नाच आसात," म्हणायचे. छापील प्रत एकच, विलायतेहून आलेली. वाजवणारे चाळीस. मग प्रत्येकाचं पान — व्हायोलिन, तिची थोरली बहीण व्हायोला, सगळ्यांचं — हाताने उतरवायचं. आमच्या सुमनचा भरतकामाचा हात, तिने ते वीस वर्षं केलं. सूर वाचता येत नव्हता, पण ठिपका कधी चुकला नाही.

गोवा राज्य झालं, त्याचा कार्यक्रम ठरला होता. सुतकातच ऑर्केस्ट्राचा सेक्रेटरी दारात.

"बाब, व्हायोलाचें पान पुराय जालें?"

बाई कशी गेली ते विचारलं नाही — पान पूर्ण झालं का! मी म्हटलं, "ऑर्केस्ट्राच्या इतिहासाचं पुस्तक काढताय ना? त्यात तिचं नाव घाला."

"कॉपी करप्यांचीं नांवां कोण घालता?"

चहा पाजणाऱ्या शेटचं नाव होतं त्यात. थू!

तेरावं झाल्यावर मीच पान घेऊन गेलो. अर्ध्याच्या खाली कोरं. त्या कोऱ्या रेघांकडे मी तेरा दिवस बघत होतो, मला चांगलं ठाऊक. गुंडाळी बसमध्ये मांडीवर होती, कुणाच्या हातात दिली नाही. सकाळी दहाला हॉलात मेस्तांनी उलगडली...

पूर्ण! शेवटच्या ओळीपर्यंत तिचेच तिरके ठिपके. शाई ओली — आणि गुंडाळलेल्या कागदावर एक ठिपका पसरलेला नाही.

"हे कुणी लिहिलं?" मी ओरडलो.

मेस्तांनी अंगठा फिरवला. निळा झाला. रुमालाला पुसला. "बरें जालें, काम जालें."

आणि वाजवायला बसले. चाळीस माणसं, एकाने मान वर केली नाही. त्या रुमालाची मला शिसारी आली, अजून येते.

ते पान कसं भरलं, मला आजही सांगता येत नाही. ज्यांना विचारलं ते हसले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेलो. शिपायाने हॉल उघडला.

"काका, पानांक हात लावूं नाकात, मेस्त रागार जातले."

"होऊ देत."

चाळीस स्टँडवरची सगळी पानं मी एकेक करून खाली घेतली आणि प्रत्येकाच्या तळाला, माझ्या चौथीच्या अक्षरात, तिचं नाव लिहिलं.