बाबलीच्या नावाचं पान

पितृपंधरवड्यात जयराम मास्तरांना पूर्वी श्वास घ्यायला फुरसत नसायची. आज या वाडीत म्हाळाचं जेवण, उद्या त्या वाडीत. मास्तर पंगतीला नसले तर घरच्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. चौतीस वर्षं पोरांना पाढे शिकवले, पण कसालच्या आसपास माणसं त्यांना ओळखायची ती एका बैठकीत खाल्लेल्या बावीस वड्यांसाठी. तेविसावा त्यांच्या दोस्ताने, बाबलीने खाल्ला होता, म्हणून ती पैज मास्तर हरले.

आता बाबली नव्हता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर तो गेला. दोघांनाही मधुमेह, डॉक्टरही एकच. बाबली गेल्यावर मास्तर हादरले आणि तरीही आठ-नऊ महिने सुधारले नाहीत, हे सांगायलाच हवं. सुधारले ते डोळ्यांमुळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, आणि कुडाळच्या डॉक्टरांनी दोनदा माघारी पाठवलं: साखर आटोक्यात आल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही. वर्तमानपत्राची अक्षरं पुसट झाली होती. समोरून येणारा माणूस बोलला की मगच कोण ते कळायचं. तेव्हापासून चौदा महिने एका वेळी एकच नाचणीची भाकरी, पालेभाजी, आणि रोज सकाळी तिठ्यापर्यंत जाऊन परत. सून संचिता पानावर पोलिसासारखी नजर ठेवून असे. आता सोमवारी पुन्हा रक्त तपासायचं होतं आणि या खेपेला आकडा बरा येण्याची आशा होती.

पण मनाला काही केल्या चैन पडत नव्हतं. पाय तिठ्याकडे चालत आणि मन कुणाच्या तरी पडवीत मांडी घालून बसलेलं असे. तिठ्यावरच्या हॉटेलात भजी तळायला सुरुवात झाली की मास्तर चालायचा वेग वाढवत. बघणाऱ्याला वाटे, काय व्यायाम करतो हा माणूस. ते खरं तर पळ काढत असत.

त्यातच काशीबाई घरी आली. बाबलीची बायको.

"मास्तरानू, शनवारी ह्यांचो म्हाळ आसा. ह्यांच्या नावाच्या पानार तुमीच बसाक होया."

त्यांच्या वाडीत रीतच तशी. गेलेल्याच्या नावाचं एक पान मांडायचं आणि जिवंतपणी जो त्याच्या शेजारी जेवायला बसायचा त्यानेच त्यावर बसायचं. त्या पानाला नाही म्हणायचं नाही, वाढलेलं टाकायचं नाही. आणि घरच्यांनी आग्रह करकरून वाढायचं, म्हणजे गेलेला तृप्त होतो.

"येतंय, वैनी," मास्तर म्हणाले. संचिताकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

खरं सांगायचं तर मास्तरांच्या मनात लबाडी होती. बाकीच्या म्हाळांना त्यांनी तब्येतीचं कारण सांगून नकार दिला. सगळी भूक या एका पानासाठी राखून ठेवली. गुरुवारपासून रात्रीची भाकरी बंद केली, सकाळच्या जोडीला संध्याकाळीही तिठा गाठू लागले. आधी उपास काढला की एका दिवसाचं खाणं फिटतं, असा या शिक्षकाचा हिशेब. शुक्रवारी संध्याकाळी घाम फुटून ते रस्त्याकडेच्या चिऱ्यावर बसले. संचिताने विचारलं तेव्हा उकाड्यावर ढकललं. संचितासाठी उत्तरही तयार होतं: मी नको म्हणत होतो गो, पण बाबलीचं पान, वैनीचा आग्रह, मी काय करणार?

शनिवारी दुपारी पडवीत पंगत बसली. मधल्या, बाबलीच्या नावाच्या पानावर मास्तर. आतून वड्यांचा वास आला आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. काशीबाईने स्वतः वाढलं. दोन वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळ्याची भाजी, द्रोणात तळाला लागेल एवढी खीर. मग वड्यांची टोपली घेऊन ती समोर बसली.

दोन वडे कधी संपले ते मास्तरांना कळलंही नाही. ते थांबले. शेजारच्या पानांवर घरातल्या मुली वाढत होत्या, आग्रह चालला होता. काशीबाईचा हात हलेना.

"वडे बरे झाले हत," मास्तर म्हणाले.

"होय."

उसळ बोटाने निपटून झाली. शेवटी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट त्यांनी केली. मागितलं. "वैनी, आणखी एक वाढा."

काशीबाईने मान खाली घातली. "डॉक्टरान नको सांगलेल्यान, तरी मिया ह्यांका वाढत ऱ्हवलंय. एकच, एकच म्हणान. आता तुमच्या पानार माझ्यान वाढवणा नाय." तिने टोपली पुढे सरकवली. "तुमका होयो तर हातान घेवा."

मास्तरांना तिचा भयंकर राग आला. आग्रह केला असता तर काय बिघडत होतं? चौदा महिन्यांनी ज्या एका दिवसावर डोळा ठेवला, त्याचा सगळा भार तिने त्यांच्याच हातावर टाकला होता. हात टोपलीपर्यंत गेला. वडा अजून गरम होता. आणि तिथेच त्यांना तो गणपतीतला दिवस आठवला, जो दोन वर्षं ते स्वतःला आठवू देत नव्हते. त्या दिवशी मात्र काशीबाई टोपली उचलून आत गेली होती. बाबलीने पानावर आडवा हात धरला होता. तो हात बाजूला सारून कुणीतरी दोन वडे टाकले होते, वर हसत म्हटलं होतं, एका दिवसान काय होवचा नाय.

मास्तरांनी हात मागे घेतला.

"वैनी, त्या गणपतीत तुमी टोपली आत नेलात. मागसून त्याच्या पानात मिया वडे टाकलंय. तो नको म्हणत होतो."

काशीबाईने टोपली आपल्याकडे ओढून घेतली.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "मिया भितरसून बघलंय."

तिने टोपली उचलली आणि पुढच्या पानाकडे वळली. मास्तर मित्राच्या पानावर तसेच बसून राहिले. पंगत उठेपर्यंत उठता येत नव्हतं, आणि इतकं होऊनही त्यांची भूक काही मेली नव्हती.