कंपाउंडरांचे इंजेक्शन

तिसऱ्या मजल्यावरच्या कंपाउंडरांनी दवाखान्यातली नोकरी सोडून बरीच वर्षे झाली, तरी इमारतीत त्यांना दुसरे नाव नव्हते. डॉक्टर आत पेशंट तपासायचे आणि हे बाहेरच्या खिडकीत औषध बनवायचे. बाटलीत मिक्श्चर भरायचे, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची आणि बाटली हातात देताना बजावायचे, "हलवून घ्या. नाहीतर औषध तळाला आणि नुसतं पाणी पोटात." इंजेक्शनेही तेच टोचायचे. अर्ध्या वस्तीचे दंड त्यांच्या ओळखीचे होते. "मुंगी चावेल एवढंच," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

मग त्यांच्याच किडन्या थकल्या. डायलिसिसची वेळ अजून आली नव्हती, पण अंगात रक्त कमी पडू लागले. रक्त बनवण्याचा निरोप शरीराला किडनीकडून जातो, तो निरोपच नीट पोचत नव्हता. त्यावर उपाय म्हणजे आठवड्याला एक इंजेक्शन, पोटाच्या कातडीखाली, घरच्या घरी, आपल्याच हाताने. हॉस्पिटलातल्या सिस्टरनी नवराबायकोला समोर बसवून शिकवायला घेतले. कंपाउंडर मधेच म्हणाले, "सिस्टर, तुम्ही शाळेत जात होता तेव्हापासून मी सुया टोचतोय." सिस्टर हसल्या, पण सांगायचे थांबल्या नाहीत. कंपाउंडर खिडकीतून खाली लावलेल्या गाड्या बघत राहिले. बायको ऐकत होती.

घरी पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. सुई हातात होती, पोटाची चिमूट धरलेली होती, आणि हात काही पुढे जाईना.

"मुंगी चावेल एवढंच," बायको म्हणाली.

"चेष्टा नको."

"चेष्टा कसली? तुमचंच वाक्य आहे."

त्या रागातच त्यांनी सुई टोचली. फारसे दुखले नाही. इतकी वर्षे आपण लोकांना थाप मारली नाही, याचे त्यांना बरे वाटले.

पण रक्त वाढेना. आठवडे गेले, जिना होता तिथेच होता आणि दम मात्र आधी लागू लागला. इमारतीला लिफ्ट नव्हती. मुलगी दुसऱ्या शहरात राहायची. तिचे घर तळमजल्यावर आणि हॉस्पिटल तिथून दोन गल्ल्या सोडून. "मागची खोली रिकामी केलीय बाबा, रंगसुद्धा दिलाय," ती फोनवर म्हणाली. कंपाउंडरांना खोलीबद्दल तक्रार नव्हती. पण मुलीचे घर कितीही झाले तरी तिचे. तिथे टीव्हीचा आवाजही विचारून वाढवायचा. इथे त्यांची खुर्ची होती, खिडकी होती, आणि जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस "कंपाउंडर, जरा हे बघता का?" असे म्हणत औषधाची चिठ्ठी पुढे करायचा.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी लोह तपासले, कुठून रक्त जात नाही ना ते पाहिले. सगळे ठीक होते.

"काका, इंजेक्शन नक्की घेता ना? कधीमधी राहून जातं का?"

"मी कंपाउंडर आहे," कंपाउंडर म्हणाले. त्यांच्या मते एवढे उत्तर पुरेसे होते.

"घरी घेऊन उपयोग होत नसेल तर दर आठवड्याला इथे येऊन घ्यावं लागेल. जिना झेपत नसेल तर मुलीकडे राहून तिथल्या हॉस्पिटलात घ्या. आजचं सिस्टरसमोर घेऊन दाखवा."

दर आठवड्याला तो जिना उतरायचा आणि चढायचा म्हणजे शेवटी मागच्या खोलीतच जायचे, हे त्यांना सांगावे लागले नाही.

सिस्टरच्या टेबलाशी त्यांनी हात धुतले, पुसले. बर्फाच्या डब्यातून आणलेली छोटी बाटली उजेडात धरली. मग अंगठा झाकणावर दाबून, मनगटाला सराईत झटका देत, ती जोरात हलवली.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. बाटलीत वर फेस आला होता. "हे काय केलंत?"

"हलवलं."

"का?"

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "औषध हलवून घ्यायचं असतं," ते म्हणाले.

"मिक्श्चर हलवायचं. त्यात भुकटी तळाला बसते. यात बसण्यासारखं काही नाही. हे प्रथिनाचं औषध आहे, जोरात हलवलं की बिघडतं. फेस आलेलं तर वापरायचंच नाही. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं मी."

"सांगितलं असतंत तर मी…"

"सांगितलं होतं," बायको म्हणाली.

कंपाउंडर तिच्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि दर आठवड्याला नुसती बघत बसलीस?"

"बसले. म्हटलं, ह्यांनी उभा जन्म यात घालवला, ह्यांना काहीतरी वेगळं माहीत असेल. आणि औषधाचं तुम्हाला सांगायची सोय आहे का? मागे एकदा गोळी जेवणाआधीची ना, एवढंच विचारलं, तर दिवसभर अबोला."

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी?"

सिस्टरनी फ्रीजमधून नवी बाटली काढली. "बाकीचं घरी भांडा," त्या म्हणाल्या. "ही धरा. आणि हात स्थिर ठेवा."

परत आल्यावर प्रत्येक मजल्यावर थांबत कंपाउंडर जिना चढले. दोष कुणाच्या गळ्यात घालावा याचा विचार चालू होता. पहिल्या मजल्यावर सिस्टर होत्या, दुसऱ्यावर बायको. तिसऱ्यावर पोचेपर्यंत दुसरे कुणी उरले नाही.

दार उघडताना ते म्हणाले, "पुढच्या वेळी तू समोर बस."

"बसतेच की मी."

"नुसती बसू नकोस. बोलत जा."

बायकोने ते फारच मनावर घेतले. बाटली बर्फाच्या कप्प्याला चिकटली का, आधी बीपी बघितले का, मागच्या वेळी डावीकडे टोचले तर आज उजवीकडे का नाही, सगळ्याचा जाब ती विचारू लागली. कंपाउंडर पुटपुटायचे, पण ऐकायचे.

महिनाभराने रक्त तपासले. आठाच्या आसपास अडकलेला हिमोग्लोबिनचा आकडा साडेनवापर्यंत आला होता. "अजून पुरेसा नाही," डॉक्टर म्हणाले, "पण दिशा बरोबर आहे. घरीच चालू ठेवा."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, आता इंजेक्शन नीट जमतंय ना? खरं सांगा."

मला विचारतेस, असे त्यांच्या अगदी ओठांवर आले होते. त्या घरात औषधाचा प्रश्न आला की उत्तर त्यांनीच द्यायचे, ही जुनी वहिवाट होती. त्यांनी फोन बायकोकडे दिला. "हिला विचार," ते म्हणाले.

"जमतंय," बायको मुलीला म्हणाली. "हात अजून जरा जड आहे, पण शिकतील. आणि ती मागची खोली उगाच अडवून ठेवू नकोस. तुझ्या सासूबाईंना दे."