चाकाची रुंदी

काकूचा फोन आला तेव्हा मी स्वारगेटला बसची वाट बघत उभी होते. "काका गेले गं," ती म्हणाली. सकाळी दूध घेऊन जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसले ते बसलेच. मी म्हटलं, रिक्षाने निघते, अर्ध्या तासात पोचते. त्यावर ती म्हणाली, "घाई करू नकोस. आता घाईचं काही नाही." मग म्हणाली, "जेवून ये. इथे कुणी चूल पेटवणार नाही..." मी जेवले नाही, पण बसनेच गेले. का ते मला अजून सांगता येत नाही. विश्रांतवाडीपर्यंत खिडकीशी बसून मी एकच हिशोब करत होते, की काकांनी मला आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, चार ओळी छापून मागितल्या होत्या, आणि त्या मी दोन वर्षं छापल्या नव्हत्या. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे, मला हळवं लिहिता येत नाही. जे झालं ते लिहिते.

माझे काका वर्धेकडचे. आयटीआय करून पुण्यात आले आणि पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला लागले. टूलरूम म्हणजे कारखान्याचा तो कोपरा, जिथे बाकीच्या यंत्रांसाठी साचे आणि हत्यारं बनतात. तिथल्या माणसाच्या बोटाला केसाच्या जाडीतला फरक कळावा लागतो, आणि काकांच्या बोटाला तो कळत असे. पुढे बाजार उघडला, साचे बाहेरून तयार येऊ लागले, आणि ज्यांच्या बोटांना फरक कळत होता त्यांना स्वेच्छानिवृत्तीचा कागद दिला गेला. त्यात स्वेच्छा किती होती यावर मी कॉलेजात असताना एक अख्खं पत्रक लिहिलं होतं. काकांनी ते वाचून एवढंच म्हटलं, की "सक्तीची स्वेच्छा" हा शब्द चांगला जमलाय, पण कारखान्याचं नाव चुकलंय. नंतर ते भोसरीला एका मित्राच्या लेथवर कामं करत राहिले, गुडघे थकले तेव्हा घरी बसले. त्याच सुमाराला त्यांची मुलगी रश्मी हिंजवडीतली नोकरी सोडून अमेरिकेला गेली, आणि पहिल्या सुट्टीत येताना बापासाठी एक भलंमोठं खोकं घेऊन आली. रिमोटवर चालणाऱ्या ट्रकचे सुटे भाग. जोडून झाला की मांडीएवढ्या उंचीचा, खडकांवरून उड्या मारणारा, बॅटरीचा ट्रक. बाबा दिवसभर भिंतीकडे बघतात असं काकूने तिला फोनवर सांगितलं होतं म्हणे.

काकांनी खोकं उघडलं आणि आधी प्रत्येक भाग मोजला. जोडणीची पुस्तिका त्यांनी चौथ्या दिवशी वाचायला घेतली. तोवर बेअरिंगमध्ये ढिलाई आहे, दोन स्क्रूंचे आटे कच्चे आहेत, असं सगळं काकूला सांगून झालं होतं. ट्रक उभा राहिला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पळला, आणि पहिल्याच उडीत पुढचं चाक धरून ठेवणारा प्लास्टिकचा हात मोडला. झालं... काकांनी भोसरीला जाऊन तो ॲल्युमिनियमचा करून आणला. मग हात टिकला आणि आतला दांडा वाकला. दांडा चांगल्या पोलादाचा केला, तर गिअरचे दात उडाले. गिअर बदलले, मोटार मोठी घातली, एका बॅटरीच्या जागी दोन घातल्या, आणि ट्रक अंगणातल्या कुत्र्यांना न जुमानता स्कूटरच्या वेगाने पळू लागला. त्या बॅटऱ्या पेट घेऊ शकतात म्हणून ते त्या बाल्कनीत मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करत. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, "कोरफड बादलीत आणि बॅटऱ्या कुंडीत. आमच्याकडे असंच असतं." वर्षभराने एकदा गेले, तर पुढच्या चाकाला पुन्हा तो जुना प्लास्टिकचा हात. मी विचारलं, हे काय, उलटं का? ते म्हणाले, "कुठंतरी तुटायला जागा ठेवावी लागते पोरी. सगळंच मजबूत केलं, की जे उघडता येत नाही तेच तुटते." मला लगेच चेव आला. म्हटलं, काका, बरोबर, कंपन्या हेच करतात, कामगार हा त्यांचा प्लास्टिकचा हात. काका त्रासले. चिडले की त्यांची वर्धा बाहेर यायची. "काहून माझ्या ट्रकचं भाषण करून राहिली? हात प्लास्टिकचा आहे, बस."

रविवारी सकाळी ते ट्रक घेऊन टेकडीच्या पायथ्याला जात. विश्रांतवाडीच्या पुढची ती टेकडी, जिच्यावर मी ज्याची पत्रकं लिहिते त्या आमच्या गटाने तीन पावसाळे रोपं लावली. पायथ्याला उघडं माळरान आहे, तिथे आयटीतली सात-आठ मुलं आपापले ट्रक घेऊन यायची. काका त्यांच्यात बसायचे, तुटलेले भाग हातात घेऊन बघायचे, कसं तुटलं ते विचारायचे. त्यातला निखिल नावाचा एक मला काकांच्या दहाव्याला भेटला. तो म्हणाला, ऑफिसात आमच्या चुकांना एवढ्या शांतपणे कुणी बघत नाही. मला त्या वेळी या मुलांचा राग होता. लोकांना पाण्याचे टँकर मागवावे लागतात आणि हे खेळण्यांवर पगार उडवतात, अशी माझी सरळ मांडणी होती. काका त्यांच्यात बसतात हे तर मला अजिबातच आवडत नव्हतं.

मग आम्ही लावलेली रोपं चिरडलेली दिसली. ओळीच्या ओळी. मातीत चाकांचे ठसे होते, व्हीच्या आकाराच्या खाचांचे, आणि त्या मुलांच्या ट्रकांची चाकं तशाच खाचांची असतात हे मी स्वतः पाहिलं होतं. मी वाकून जवळून फोटो काढला. एका बैठकीत पत्रक लिहून टाकलं. मथळा होता "टेकडी कुणाच्या बापाची?" आणि खाली, पगारावर माजलेल्यांच्या खेळण्यांनी आमची रोपं चिरडली. काका तिथे जातात हे मला माहीत होतं. नाव मी कुणाचंच घातलं नाही, पण घरच्या माणसालाही सोडलं नाही याचा मला अभिमान वाटत होता, आणि गटातल्या लोकांनी तो वाढवला. पत्रक घरोघर गेलं. पुढच्या रविवारी फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी सगळ्यांसमोर काकांच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि, "आजोबा, वयाला शोभतं का हे?" असं विचारलं. त्याच महिन्यात पायथ्याला खेळण्यातल्या वाहनांना बंदी असा बोर्ड लागला. आमचा विजय म्हणून आम्ही त्या बोर्डाखाली फोटो काढला.

काका दोन बस बदलून आमच्या कोथरूडच्या घरी आले. चहा घेतला, आईशी बोलले, आणि मला म्हणाले, "पुढारी, चल जरा टेकडीवर." माझं पत्रक त्यांच्या खिशात घडी घालून होतं. पुन्हा तेवढ्याच बस बदलून आम्ही वर गेलो, त्यांनी स्टीलची पट्टी काढली, पिशवीतून ट्रकचं एक चाक काढलं आणि चिरडलेल्या ओळीपाशी उकिडवे बसले. ठसा वाळून घट्ट झाला होता. त्यांनी तो मोजला, मग चाक मातीत दाबून त्याचा ठसा मोजला, आणि दोन्ही आकडे मला सांगितले. मी लिहून घेतले नाहीत. लिहायची गरजच नव्हती, एका ठशात दुसरे तीन मावले असते. खाचा सारख्या होत्या, कारण खेळण्याच्या चाकाला त्या ट्रॅक्टरवरूनच घेतलेल्या असतात. ठसे ट्रॅक्टरचे होते. थोडं वर चढून गेलो तर टेकडीची कूस कापलेली दिसली, मुरूम काढून नेलेला, आणि ठशांची वाट तिथूनच खाली आलेली. "फोटो काढला तेव्हा बाजूला काही ठेवायचं," काका म्हणाले. "पेन, काडेपेटी, काहीही. नुसत्या फोटोत सगळं सारख्याच मापाचं दिसते."

मला लाज वाटली होती, हे मी आज सांगते. त्या दिवशी मी वाद घातला. म्हटलं, काका, चळवळीने एकदा मागे घेतलं की लोक हसतात, आणि पुढचं खरं बोललेलंही कुणी ऐकत नाही. मग त्यांनी टूलरूमची पद्धत सांगितली. तिथे बिघडलेल्या कामावर लाल रंग मारतात, म्हणजे ते चुकून पुढे जात नाही. तो रंग ज्याचं काम बिघडलं त्यानेच मारायचा, साहेबाने नाही, शेजाऱ्याने नाही. "मीही मारलाय," ते म्हणाले. "त्यानं कुणी लहान होत नाही. न मारता पुढं गेलं तर मात्र कुणाचं तरी बोट जाते. चार ओळी छाप. माझं नाव नको टाकू. ठसे कशाचे होते तेवढं टाक."

गटात मी विषय काढला. ज्येष्ठ लोक म्हणाले योग्य वेळ नाही. खरी गोष्ट अशी होती, की आयटीतल्या पोरांशी लढायला सोपं होतं आणि मुरूमवाल्याशी अवघड. पोरं बोर्ड वाचून निघून जातात, मुरूमवाला घरी माणसं पाठवतो. हे बैठकीत कुणी बोललं नाही. मीही नाही. इतरांना बोट दाखवणारी पत्रकं मी एका बैठकीत लिहिते, या चार ओळींना मला वेळ मिळेना. काका फोनवर आधी विचारायचे, छापलं का? दिवाळीला फराळाच्या ताटावर विचारलं, छापलं का? मी म्हटलं, बघते. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं, आणि ते विचारत नाहीत याचं मला बरंच वाटलं... पुढच्या पावसाळ्यापर्यंत उरलेली रोपं ट्रॅक्टरखाली गेली. बंदीचा बोर्ड तेवढा शाबूत राहिला.

टेकडीवर ते पुन्हा गेले नाहीत. बोर्ड चुकीचा असला तरी बोर्ड आहे, असं म्हणायचे. ट्रकवरचं काम मात्र थांबलं नाही. उलट त्या दोन वर्षांत त्यांनी सगळ्यात जास्त काम केलं. आणखी ताकदीची मोटार, नवा गिअरबॉक्स, उष्णतेसाठी दोन पंखे. काकू सांगते, शेवटी तो ट्रक इतका जोरकस झाला होता की पार्किंगमध्ये रिमोटचं बटण नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. पार्किंगपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून पार्किंगपर्यंत, माणसाच्या चालीने. मागून काका. एकदा मी पाहिलं. मुलाला बोट धरून फिरवावं तसे चालले होते. मला बघून त्यांनी हात केला आणि चहा पिऊन जा म्हणाले.

तेरावं झालं, रश्मी परत गेली, आणि मी चार ओळी लिहिल्या. गटातल्या एका सरांनी त्यात "काही गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहोत" असं सुचवलं. मी म्हटलं, सर, गैरसमज झाला नव्हता, मी न मोजता लिहिलं होतं. ते म्हणाले, मग गटाचं नाव घालू नकोस. नाही घातलं. दोनशे प्रती काढल्या, आणि इथेही तेच पुन्हा छापायला देते आहे. टेकडीवरची रोपं खेळण्यातल्या ट्रकांनी चिरडली, असं आमच्या पत्रकात म्हटलं होतं. ते खोटं होतं. त्या ट्रकचं चाक नऊ सेंटिमीटर रुंद असतं, ठसे त्याच्या तिपटीहून मोठे आणि मुरूम नेणाऱ्या ट्रॅक्टरचे होते. हे मला दोन वर्षांपूर्वी दाखवण्यात आलं होतं. खाली माझं नाव.

गठ्ठा घेऊन मी आधी काकूकडे गेले. तिने उभ्यानेच एक कागद वाचला. पुन्हा वाचला. मला वाटलं आता काही बोलेल, मी तयारही होते. तिने विचारलं, "नऊ कुठून आणलंस?" मी म्हटलं, इंटरनेटवरून, त्या मॉडेलचं माप दिलेलं असतं. ती आत गेली आणि शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आली. कपाटाशेजारी उभा असलेला ट्रक तिने जमिनीवर घेतला, एका हाताने वरून दाबला आणि मला म्हणाली, "धर. असंच दाबून धर. ओझ्याखाली चाक पसरतं, हे म्हणायचे. मातीत उमटतं ते पसरलेलं." मी दाबून धरलं. तिने गुडघ्यांवर बसून टेप लावली, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला, आणि म्हणाली, "साडेनऊ."

मी म्हटलं, काकू, अर्ध्या सेंटिमीटरने काय फरक पडतो आता? तिने टेप गुंडाळून ठेवली, पेन घेतलं आणि पहिल्या कागदावर नऊच्या आधी बारीक अक्षरात "साडे" लिहिलं. दुसऱ्यावर मी लिहायला गेले तर तिने कागद ओढून घेतला. "तुझं अक्षर लागत नाही," ती म्हणाली. "तू सह्या कर. नुसतं छापलेलं नाव कुणाचंही असतं." आम्ही सतरंजीवर समोरासमोर बसलो. ती आकडा दुरुस्त करून कागद माझ्याकडे सरकवत होती, मी खाली सही करून बाजूला ठेवत होते, आणि मध्येच एखादी सही घाईत झाली की ती तो कागद परत माझ्यापुढे ठेवत होती.