केशरी जाकिटातली शिकार

शारजा सोडलं तेव्हा आमच्या दोन गाड्यांत सात माणसं, साबुदाण्याच्या खिचडीचा मोठा डबा आणि सात केशरी जाकिटं होती. बंदूक एकही नव्हती. तरी आम्ही शिकारीलाच निघालो होतो.

जाकिटं सुहासची. हा मित्र हमरियातल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, आणि सुट्टीच्या दिवशीही असतो. ग्रुपवर त्याच्या सूचना आल्या होत्या: एकमेकांच्या नजरेत राहायचं, एकट्याने टेकाड ओलांडायचं नाही, जाकीट काढायचं नाही.

इथल्या मोकळ्या वाळवंटात रानटी जनावर मारायला बंदी आहे. म्हणून माझा ऑफिसातला सहकारी सईद आपला ससाणा पिसांच्या जुडग्यावर सोडतो. दोरीने फिरवायच्या या जुडग्याला तिलवा (आमिष) म्हणतात. ते पळत नाही, चावत नाही. आम्हाला धोका होता तो खिचडीतल्या मिरचीचा.

अल ऐनच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला. तांबूस वाळू आणि एकच गाफचं झाड. तिथे वाट पाहत थांबलेल्या सईदने आधी खजूर आणि गहवा (वेलदोड्याची कडू कॉफी) दिला, मग ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली. हा त्याने स्वतः शिकवलेला पहिला पक्षी. पायाची दोरी आज पहिल्यांदाच सुटणार होती.

"वापस आया तो मेरा," सईद म्हणाला. "नहीं तो आसमान का."

ससाणा उडाला, वळला, आमिषावर झेपावला आणि आमची केशरी रांग दिसताच उलटा फिरून गाफवर जाऊन बसला. सईद हाका मारत राहिला. पक्षी अर्ध्या वाटेपर्यंत येई आणि माघारी जाई. पाठीवरच्या माग दाखवणाऱ्या यंत्रामुळे तो कुठे आहे हे कळत होतं. तो येणार का, हे नाही. सुहासने आम्हाला आणखी जवळजवळ उभं केलं. सईदचा आवाज बारीक होत चालला, पण पाहुण्यांना काही म्हणणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं.

माझ्या लेकीच्या, इराच्या, बसत होतं. "बाबा, वी लुक लाइक ट्रॅफिक कोन्स. आय वुडन्ट कम आयदर."

सगळ्यांनी सुहासकडे पाहिलं. त्याने निमूट जाकीट उतरवलं, घडी घातली आणि त्यावर बसला. आम्हीही जाकिटं काढून त्यांवर बसलो.

पुढच्या हाकेला ससाणा थेट आमिषावर उतरला. सईदने त्याला हातावर घेऊन मांस भरवलं.

परतताना ग्रुपवर सुहासचा अहवाल आला: शिकार संपली, सगळे सुखरूप.

"सगळ्यांत ससाणा धरलास का?" मी विचारलं.

"पहिला तोच," सुहास खिडकीबाहेर बघत म्हणाला.