फुकटात दिलेलं नाटक

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून लपून राहिलेली ही एवढी एकच गोष्ट असेल, नाहीतर मी चोरून खाल्लेला पेढासुद्धा तिला कळतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्यांना माझ्याबद्दल फक्त चांगलंच माहीत आहे.

मी सुखी माणूस आहे, हे आधी सांगून टाकतो. सावली गावात स्वतःचं घर, मागे शेवग्याचं झाड, पेन्शन वेळेवर, सून बरी, गुडघे अजून साथ देतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो म्हणून लोक गुरुजी म्हणतात. आणि नाटकं लिहितो म्हणून नाटककारही म्हणतात. आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. वडशाच्या नाटक कंपन्या ती नाटकं घेऊन गावोगाव फिरतात. त्यांच्या पोस्टरवर माझं नाव असतं. पण माझी खरी कीर्ती नाटकांची नाहीच — गुरुजी लिहिण्याचा एक पैसा घेत नाहीत, ही ती कीर्ती. लोक हे कौतुकानं सांगतात आणि मी मान खाली घालून ऐकतो. आवडतं मला. खोटं कशाला बोलू?

हरिदास नावाचा माझा एक मित्र आहे, चामोर्शीकडच्या खेड्यातला. माझ्याहून वयानं लहान आणि लिहिण्यात मोठा. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय — बघा, लिहिता आलं की! त्याच्या नाटकातली सासू बोलायला लागली की पुढे बसलेली माणसं तळहातावरचा तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळायची थांबत. माझ्या नाटकात खर्रा चांगला घोटला जाई.

आणखी एक फरक होता. मी लिहायचो ते शाळा सुटल्यावर, पगार घरात आल्यावर. हरिदास लिहिण्यावरच जगायचा. लग्नाच्या मंगलाष्टका, जयंतीची गाणी, निवडणुकीची घोषवाक्यं, आणि वर्षाला एक नाटक. घरी बायको, दोन मुली, धानाची नावापुरती बांधी, म्हणजे शेताचा एक तुकडा. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता का? कळत होता. चांगला कळत होता.

आता आमच्याकडची रीत ऐका. नाटकाचा प्रयोग झाला की तबलेवाल्याला त्याचे पैसे, ऑर्गनवाल्याला त्याचे, पडदेवाल्याला, लाइटवाल्याला, नाचणाऱ्या मुलींना — सगळ्यांना प्रत्येक प्रयोगाचे. लेखकाला? त्याच्याकडून नाटक घेताना एकदा हातावर काहीतरी टेकवायचं, नाहीतर शाल-श्रीफळ द्यायचं. मग ते नाटक मंडईपासून होळीपर्यंत गावोगाव चालत राहो, लेखकानं पोस्टरवरचं नाव वाचून पोट भरावं.

एका वर्षी, धानाची रोवणी आटोपल्यावर, हरिदास माझ्याकडे आला. नवं नाटक लिहून झालं होतं त्याचं, आणि वडशाच्या एका मोठ्या कंपनीच्या मालकाला ते हवंच होतं. पण हरिदासनं ठरवलं होतं — या खेपेला प्रयोगामागं पैसे मिळाले तरच नाटक द्यायचं. मोठी मुलगी नर्सिंगला जायचं म्हणत होती, हेही तो बोलला.

"गुरुजी, तुमी माह्या संगं राहा," तो म्हणाला. "एकट्याचं कोणी आयकत नाई. दोघायनं नाई म्हटलं, त मालक जाईन कुठी?"

मी शब्द दिला. नुसता दिला नाही, तर वर भाषणही केलं — लेखक म्हणजे नाटकाचा बाप, वगैरे. पोहे खाऊन तो आनंदात गेला.

पुढचं सांगायचं जिवावर येतंय. पण इथवर आलोच आहे —

राखीला बायको माहेरी, मूल गावाला गेली होती. मी एकटाच घरी होतो, आणि कंपनीचा मालक मोटारसायकलवर दारात. भिजलेला, वैतागलेला. हरिदासचं डोकं फिरलं म्हणाला. "त्याले प्रयोगामागं पाह्यजेत म्हणे! गुरुजी, तुमचं एखादं असन त द्या ना."

काय बोलायचं होतं मी? एकच वाक्य. आम्ही दोघं सोबत आहोत. बस. तेवढं बोललो असतो, तर तो माणूस चहा पिऊन सरळ चामोर्शीला, हरिदासकडे गेला असता. मंडईसाठी तालमी लावायची वेळ आली होती, नाटकाशिवाय त्याचं चाललं नसतं. पण त्या क्षणी मला काय दिसलं सांगू? पोस्टर. मोठ्या कंपनीच्या पोस्टरवर हरिदासच्या जागी माझं नाव. मी आत गेलो आणि पेटीतून माझं नाटक काढून आणलं.

मालकानं खिशात हात घातला. आणि — हे नीट ऐका, कारण खरी घाण इथं आहे — मीच त्याचा हात धरला. म्हणालो, लेखणी विकत नाही मी. तो गहिवरला. पाया पडला माझ्या. मला इतकं मोठं वाटलं त्या दिवशी! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून मी दानशूर झालो होतो. हरिदासचं घर होतं ते.

आठवड्यानं हरिदासला पत्ता लागला. विचारायला आला, रागानं नाही. मी म्हटलं, ते नाटक मालकाकडे जुनंच पडून होतं, मला न विचारता त्यानं बाहेर काढलं. सरळ तोंडावर खोटं बोललो. शाळेत पोरांना खोट्यापायी बाकावर उभं करणारा मी! त्यावर त्यानं मलाच समजावलं.

"म्हंजे तुमचंबी फुकटात मारलं का त्यानं? जाऊ द्या गुरुजी. मनाले लावून घेऊ नोका."

माझं नाटक त्या वर्षी बरं चाललं. हरिदासचं पेटीतच राहिलं. पुढच्या वर्षी तो ज्या ज्या कंपनीकडे गेला तिथं एकच उत्तर — गुरुजी फुकट देते, तुले पैसे काऊन देऊ? हे त्यानंच मला हसत हसत सांगितलं, आणि मीही हसलो. त्यानंतर त्यानं नाटक लिहिलं नाही. मंगलाष्टकाही हळूहळू सुटल्या. मेहुण्याच्या राइस मिलवर हिशेब बघायला लागला, अजून तिथंच आहे. मुलगी नर्सिंगला गेली नाही.

तरी त्याचं वाटोळं झालं असं मी म्हणणार नाही. तो जाड झालाय, नातवंडांत रमतो, भेटला की नव्या तांदळाची पिशवी गाडीला अडकवून देतो. त्याचं वाईट झालं असतं, तर मला निदान रडता आलं असतं. तसं झालं नाही. मी तो भात खातो आणि मला तो चांगला लागतो. फक्त, त्याच्या नाटकातली ती सासू पुन्हा कुठल्या गावात बोलली नाही, आणि आमच्याकडच्या लेखकाला आजही शाल-श्रीफळच मिळतं. एखादा पैसे मागायला गेलाच, तर मालक माझं उदाहरण देतात.

गेल्या वर्षी गावच्या मंडळानं माझा सत्कार केला. मानपत्र कुणाकडून लिहून घ्यायचं, असा प्रश्न पडला तेव्हा कुणीतरी हरिदासचं नाव सुचवलं. कितीतरी वर्षांनी त्यानं लेखणी उचलली. आणि वाचायलाही तोच उभा राहिला. काय लिहिलं होतं हो! ज्यांनी आयुष्यभर लेखणी विकली नाही, या वाक्यावर त्याचा आवाज भरून आला, आणि मंडपात टाळ्या थांबेनात. मी हात जोडून ऐकत होतो. मला लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. मला आनंद झाला होता.

त्या लिहिण्याचं हरिदासला काय दिलं, हे मी मंडळाला विचारलं नाही. मला ते माहीतच होतं. वाचून झाल्यावर त्यानं मानपत्र माझ्या हातात दिलं आणि वाकून माझे पाय धरले.

मी धरू दिले.