गुणाची बाटली

लोकांच्या सुनांना सासूकडून बांगड्या मिळतात, मला दूध पाजायची बाटली मिळाली. तीही तीन पोरांनी वापरलेली. प्लॅस्टिकची, पण काचेसारखी कडक. मुळात आरपार दिसणारी असणार, मी पाहिली तोवर ताकाच्या पेल्यासारखी पांढुरकी झाली होती. आतून ब्रशचे ओरखडे, बाहेरून औंसाच्या रेघा पुसट. निपल तेवढं दर वेळी नवीन आणायचं. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ती जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली होती. माझे थोरले दीर इथं जबलपूरला आमच्याच घरी राहत होते तेव्हा त्यांचा मुलगा सातव्या महिन्यात झाला. मुठीएवढा. तो या बाटलीवर वाचला. मग घरातली आणखी दोन पोरं तिच्यावर वाढली, आणि तिचं नाव पडलं गुणाची बाटली.

आमच्याकडे नव्या बाळाला पहिलं झबलं कोरं घालत नाहीत. ज्या घरचं मूल धडधाकट आहे, तिथलं जुनं, धुवून धुवून मऊ झालेलं मागून आणतात, म्हणजे त्या मुलाचं आयुष्य या मुलाला लागतं. माझ्या माहेरी, जबलपूरच्याच गढा भागातही हेच. मी हसायची. शाळेत विज्ञान शिकवत होते ना, डोक्यात हवा होती. पहिल्या खेपेला मी सगळं कोरं आणलं. झबली कोरी, दुपटी कोरी, बाटल्यांचा सेटसुद्धा कोरा. आई म्हणाल्या, "एक तरी जुनं घाल गं." मी म्हटलं, "आई, कोणाची खरूज आली म्हणजे?"

तो मुलगा नऊ दिवस जगला.

त्याच्या हृदयात दोष होता, डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. झबल्याचा काही संबंध नव्हता हे मला कळत होतं, आणि आईंनाही कळत असणार. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी कडाकडा भांडले असते आणि मोकळी झाले असते. त्या बोलल्या नाहीत, म्हणून ते माझ्या आत तसंच राहिलं.

दोन वर्षांनी मुलगी झाली. पावणेदोन किलोची. अंगावर ओढायची ताकद नव्हती तिच्यात, आणि मला दूधही पुरेसं येईना. डॉक्टरांनी डब्याचं दूध लिहून दिलं. घरी आलो त्या दुपारी आई तो स्टीलचा डबा घेऊन माझ्या खाटेशी उभ्या राहिल्या. नुसतं झाकण उघडलं. मी हात पुढे केला. या वेळी कोणी शेणाची गोवरी आणून दिली असती तरी मी उशाशी ठेवली असती.

आणि पोरगी प्यायली. त्या बाटलीनं तिला जमलं. आधी वीस मिलीलिटर, मग तीस, मग साठ. रोज सकाळ-संध्याकाळ आई भगोण्यात बाटली उकळायच्या. डॉक्टरांनी दहा मिनिटं सांगितली होती, आमच्याकडे पंधरा व्हायची, कारण काळजी जास्त होती. मग कडकडीत पाणी थेट बाटलीत, त्यात पावडर, आणि खळखळ हलवायची. यात काही चुकत असेल असं माझ्या मनातही आलं नाही. उलट मी शेजारणींना सांगायची, आमच्याकडे स्वच्छतेत कसूर नाही.

ती दोन महिन्यांची असताना वजन करायला आम्ही नेपियर टाउनला डॉक्टरांकडे गेलो होतो. नंबर लागायला वेळ होता. बाकावर हिंदी पेपरची पुरवणी पडली होती, ती उचलली आणि वाचत बसले. लिहिलं होतं की काही कडक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटल्यांमध्ये एक रसायन असतं, ते दुधात उतरतं. बाटली गरम केली, उकळली, जुनी झाली, ओरखडे पडले, की जास्त उतरतं. बाळाच्या शरीरातल्या ग्रंथींवर त्याचा परिणाम होत असावा अशी शास्त्रज्ञांना शंका आहे. प्लॅस्टिक कोणतं ते ओळखायला बाटलीच्या तळाला त्रिकोण असतो, त्यात आकडा असतो, तो बघा. मी वाचलं, पुन्हा वाचलं. जुनी, ओरखड्यांची, उकळलेली. बाप्पा, कोणीतरी आमच्या ओट्यापाशी उभं राहून लिहिल्यासारखं होतं ते.

बाटली पिशवीतच होती. तिथंच काढून उलटी केली. तळ घासून घासून गुळगुळीत झालेला. घरी येऊन उन्हात धरली, मग टॉर्च लावला, मग अंगठा फिरवून पाहिला. शेवटी, शाळेत पोरं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात तसं केलं. त्रिकोणाचा एक कोपरा उमटला आणि मध्ये काहीच नाही. म्हणजे ती बाटली वाईट होती की नव्हती, हेही मला कधी कळणार नव्हतं. वाईट आहे असं कळलं असतं तरी बरं होतं. असं अर्धवट कळण्यासारखा छळ नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. भला माणूस, घाईत असलेला. म्हणाले, "देखिए, बदल सकें तो बदल दीजिए। काँच की ले लीजिए, कटोरी-चम्मच से दीजिए। लेकिन वजन मत गिरने देना, इस बच्ची के पास गिराने को कुछ है नहीं।" मी विचारलं, दोन महिन्यांत जे पोटात गेलं त्याचं काय? त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "वो मैं नहीं बता पाऊँगा। कोई नहीं बता पाएगा।"

मग सुरू झालं. काचेची बाटली आणली. तिचं निपल वेगळं, जुन्या बाटलीचं तिला बसेना. पोरीनं तोंडात घेऊन जिभेनं ढकलून दिलं. माहेरहून चांदीचं बोंडलं आणलं, चोचीचं, मला स्वतःला त्यानं पाजलेलं. त्यातलं दूध तिच्या घशात गेलं, ठसका लागला, ओठ निळे झाले. वाटी-चमच्यानं निम्मं गळ्यावरून कानामागे. भूक लागून ती रडायची, रडून दमायची, दमून झोपायची. मी तिला उठवून पुन्हा चमचा लावायची. तीन दिवस मी हे केलं. आज वाटतं, तिला त्या दिवसांत थोडी सर्दीही होती, म्हणूनही पीत नसेल. आणखी दोन दिवस धीर धरला असता तर शिकलीही असती. पण धीर धरायचा कोणाच्या जिवावर?

चौथ्या दिवशी वजन केलं तर दीडशे ग्रॅम उतरलेलं. दीडशे ग्रॅम म्हणजे काय ते धडधाकट पोरांच्या आयांना नाही कळायचं. घरी आलो तेव्हा आई पहिल्यांदा बोलल्या. "पोरीवर काहून प्रयोग करून राहिलीस? एक गेलं ते पुरे नाही झालं का तुला?"

दोन वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहिली होती ते आलं, आणि मला भांडता आलं नाही. माझा नवरा कुंडमला नोकरीला होता, सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी यायचा. तो आला तर आम्ही दोघी दोन खोल्यांत बसलेल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मी दवाखान्यातून फाडून आणलेलं पेपरचं कात्रणही वाचलं. म्हणाला, "तू म्हणतेस ते बरोबर आहे. आईही बरोबर आहे. चलो, आता तिला दूध तर दे." मला इतका राग आला त्याचा. पण दुसरं तो बिचारा म्हणणार तरी काय होता?

मी डबा उघडला. गुणाची बाटली काढली. पोरीनं डोळेसुद्धा न उघडता नव्वद मिलीलिटर संपवलं, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हमसाहमशी रडले. ती पीत होती याचा आनंद होता. ती जे पीत होती त्याची भीती होती. दोन्ही एकाच वेळी होतं.

त्यानंतर मी चोरासारख्या छोट्या छोट्या युक्त्या केल्या. दूध स्टीलच्या भांड्यात कालवून, कोमट करून मगच बाटलीत. उकळणं पंधरा मिनिटांवरून पाचवर आणलं. तर इकडे नीट उकळलं नाही म्हणून जुलाब होतील ही धास्ती. मी शाळेत रुजू झाले तेव्हा दुपारचं सगळं आईंकडे गेलं. एकदा लवकर घरी आले तर भगोण्यात बाटली रटरटत होती आणि आई शेजारी हात जोडल्यासारख्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "तू घाईत उकळतेस ना, म्हणून मी आणखी एकदा उकळून घेते रोज." जिवापाड करत होत्या त्या.

वर्षाची झाल्यावर पोरगी पेल्यानं प्यायला लागली. बाटली फेकायची असं मी शंभरदा ठरवलं. कचऱ्याच्या बादलीपर्यंत नेलीही. पण जिच्यावर माझी पोर जगली ती फेकली आणि पोरीला काही झालं तर, असं मनात आलं, आणि मी, विज्ञानाची मास्तरीण, ती परत डब्यात ठेवून आले. आज पोरगी दहावीत आहे. ठणठणीत आहे, उद्धट आहे. तरी तिची पाळी पुढे-मागे झाली, वजन थोडं वाढलं, की मला नेपियर टाउनचा तो बाक दिसतो. कुणाला विचारणार? डॉक्टर तेव्हाच सांगून मोकळे झाले होते.

तिच्या दुसऱ्या वाढदिवसानंतर धाकटी नणंद बाळंतपणाला माहेरी आली. तिचाही मुलगा अपुऱ्या दिवसांचा. अंगावर ओढेना. काचेच्या बाटलीनं पिईना, नव्या प्लॅस्टिकच्या बाटलीनं पिईना. चौथ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "वहिनी, ती बाटली दे ना."

मी दार लोटलं आणि तिला सगळं सांगितलं. ते रसायन, ते ओरखडे, तळाचा पुसलेला आकडा. कात्रण अजून होतं माझ्याकडे, तेही दिलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं. बी.एस्सी. झालेली मुलगी, तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

मग तिनं वर पाहिलं. "आणि तू तुझ्या पोरीला पाजत राहिलीस?"

"हो."

"भीती नाही वाटली?"

"रोज वाटायची," मी म्हटलं. "रोज पाजताना वाटायची."

बाहेरच्या खोलीत तिचं बाळ रडत होतं, म्हणजे रडायचं म्हणून बारीक किरकिरत होतं, तेवढंच बळ होतं त्याला. तिनं दाराकडे पाहिलं. मग कात्रणाची नीट घडी घालून तिनं ते माझ्या हातात परत दिलं आणि दुसरा हात पुढे केला.

"मग मलाही दे."

मी दिली.