क्रीमला रंग देणाऱ्या अक्का

क्रीममध्ये रंग कालवला की अक्का हात पुसून लांब जाऊन बसायच्या. तासाभरानं, रंग मुरून गडद झाला की, भांड्यात डोकावून मगच ठरवायच्या, आणखी टिपूसभर घालायचा की नाही. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी केक शिकायला जायचे.

जेल रंगाच्या इवल्या बाटल्या त्या लोणच्याच्या बरणीसारख्या जपायच्या. रंग काढायला दर वेळी नवी काडी. क्रीम लागलेली काडी पुन्हा बाटलीत गेली की रंग नासतो. काम झालं की बाटलीचं तोंड पुसायचं, झाकण घट्ट लावायचं आणि डबा अंधाऱ्या कपाटात ठेवायचा. "सोलापूरचं ऊन हाय बाई, रंगसुद्धा टिकत न्हाय," म्हणायच्या.

एकदा साखरपुड्याच्या केकवरची गुलाबं त्यांनी माझ्यावर सोपवली. रंग फिका वाटला म्हणून मी घाईनं लाल घालत गेले. सकाळी पाहते तर फुलं काळपट लाल पडलेली. तेवढ्यात नवऱ्या मुलीची आईच केक बघायला आली.

"अहो, आम्ही फिकट गुलाबी सांगितलं होतं," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या, "माझ्या हातनं झालं. दुपारपर्यंत नवीन करून देते."

बाई गेल्यावर त्या मला एका शब्दानं रागावल्या नाहीत. उरलेलं गडद क्रीम चमचाभर घेऊन पांढऱ्यात कालवलं आणि फुलं काढायची पिशवी भरून माझ्याच हातात दिली. "कर की. येतंय तुला." सगळी गुलाबं मी डोळे पुसत पुसत पुन्हा केली.

दोन वर्षांनी त्यांनी एक बाटली माझ्यापुढे धरली. "ही पिवळी हाय का केशरी?"

नजर जात चालल्याचं डॉक्टरांनी त्यांना कधीच सांगितलं होतं. त्यांनी मला कळू दिलं नव्हतं. त्याच आठवड्यात रंगांचा डबा माझ्या स्वाधीन करून त्या लेकीकडे बार्शीला गेल्या.

मागच्या महिन्यात केक घेऊन भेटायला गेले. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. केकवरचं एक फूल त्यांनी बोटांनी अलगद चाचपलं.

"पाकळी पातळ जमलीय. रंग कुठला दिलास?"

"अबोली."

त्यांनी पाकळीवरून पुन्हा बोट फिरवलं. "माझ्या लग्नातलं लुगडं अबोली होतं. बाबांनी सूत स्वतः रंगवलं होतं. तुला कधी सांगितलं न्हाय का?"

नव्हतं सांगितलं. मी त्यांच्या जवळ सरकून बसले, त्या सांगत गेल्या, आणि केक कापायचं दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही.